माईक बंद समजून बोललेलं वाक्य आणि समालोचकाची नोकरी

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव तालुक्यातल्या एका मंडळाच्या महिला कबड्डी स्पर्धेचं थेट प्रक्षेपण एक स्थानिक चॅनेल करत होतं. एका चढाईला धारवाडहून आलेल्या महिला पंचांनी बोनस नाकारला. लगेच जाहिरात लागली आणि माईक बंद आहे असं समजून समालोचक म्हणाला, "बोनस म्हणजे हिला दिवाळीचा वाटला काय? बाईमाणसाच्या हातात शिट्टी दिली की असंच व्हायचं." शेजारचा हसला. जाहिरातीखालून हे सगळं लोकांच्या मोबाईलवर गेलं आणि रात्रीत क्लिप खानापूर-निपाणीपर्यंत फिरली. समालोचक बारा वर्षांचा जुना माणूस, चॅनेलवर एकूण सात जण. मालकांना विचारायचंय, याला काढून टाकणं योग्य होईल का, आणि काढायचं तर कसं?

एवढ्या एका वाक्यासाठी काढू नका. महिनाभर माईकवरून बाजूला ठेवा, त्याच्याच तोंडून प्रक्षेपणात माफी मागवा, लेखी ताकीद द्या. पण फाईल तिथंच मिटवू नका. हाच माणूस तुमच्या गुणलेखक मुलीशी, ग्राफिक्सवर बसणाऱ्या बाईंशी, मुलाखत घेणाऱ्या निवेदिकेशी इतकी वर्षं कसा वागत आलाय, हे आधी बघा. तिथं काही निघालं तर काढणं योग्यच आहे, आणि मग बारा वर्षांची नोकरी त्याच्या आड येऊ देऊ नका.

दोन गोष्टींत फरक का करायचा, हे २०११ सालच्या इंग्लंडमधल्या प्रकरणावरून नीट कळतं. ते सगळेच पुढे करतात, पण बहुतेक जण अर्धंच सांगतात. २२ जानेवारीला वुल्व्ज विरुद्ध लिव्हरपूल फुटबॉल सामना होता आणि सहायक पंच होत्या शान मॅसी. स्काय स्पोर्ट्स चॅनेलचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज प्रक्षेपणाबाहेर आपसात बोलले की बायकांना ऑफसाइडचा नियम कळत नाही, कुणीतरी जाऊन तिला समजावून सांगा. त्या वेळी सामना सुरूही झाला नव्हता, मॅसींनी एकही निर्णय दिलेला नव्हता. आवाज बाहेर फुटल्यावर दोघांना सोमवारच्या सामन्यापासून बाजूला ठेवलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, "ऑफसाइडच्या विनोदावरून नोकरी गेली." पण ग्रेंची नोकरी गेली ती २५ जानेवारीला, आणि तोवर दुसरी एक चित्रफीत पुढे आली होती. डिसेंबर २०१० मधली ती फीत स्टुडिओतली होती. तिच्यात ते सहकारी निवेदिका शार्लट जॅक्सन यांना माईकची वायर आपल्या पँटमध्ये खोचून द्यायला सांगताना दिसत होते. कीज यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

माझ्या मते ग्रेंना काढणं योग्य होतं, पण ते दुसऱ्या फितीमुळे. पंचावर मारलेला शेरा हलकटपणाचा होता, तरी पंच त्यांच्या हाताखाली नव्हत्या. शेजारी उभ्या सहकाऱ्याला तसं बोलणं म्हणजे तिच्या कामाच्या जागी तिला हिणवणं. तिला उलट बोलायची सोय नसते, कारण पुढचा कार्यक्रम त्याच माणसाबरोबर असतो. स्कायवर ठपका आहे तो वेगळा: ती फीत त्यांच्याच स्टुडिओत झाली होती, कारवाई मात्र बाहेर बोंब झाल्यावर झाली. तुमच्याकडेही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये काय पडलंय ते आधी ऐका.

आता "पण निर्णय चुकलाच होता ना" या युक्तिवादाचं काय? मंडळातले निम्मे लोक तेच म्हणतील. मॅसींनी ऑफसाइडचा झेंडा उचलला नाही आणि लिव्हरपूलचा पहिला गोल झाला, तो निर्णय बरोबर होता हे रिप्लेत दिसलं. लोकांनी तेच त्यांच्या बचावासाठी वापरलं. माझा त्या बचावालाच आक्षेप आहे. त्या चुकल्या असत्या तरी वाक्य तितकंच वाईट ठरलं असतं. बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू लागतात, आणि चढाई करणारीचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. समालोचकाला निर्णय पटला नसेल तर "समोर सहा जणी होत्या, मागचा पाय उचललेला दिसला, मला हा बोनस वाटतो" असं खुशाल म्हणावं, कितीही कडक शब्दांत म्हणावं. पुरुष पंचाला जे म्हणाल ते सगळं म्हणायची मुभा आहे. असला शेरा बहुतेक वेळा तिथंच येतो जिथं नियम सांगायला हवा होता आणि तो तोंडावर नव्हता.

बाकी उदाहरणांवरून शिक्षेची पट्टी बऱ्यापैकी लावता येते. २०२१ मध्ये दिनेश कार्तिकनं इंग्लंडमध्ये समालोचन करताना बॅटची तुलना शेजाऱ्याच्या बायकोशी केली आणि पुढच्या सामन्यात प्रक्षेपणातच माफी मागितली. प्रकरण तिथं संपलं, आणि संपायला हवंच होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिला जलतरण रिले संघानं सुवर्ण जिंकल्यावर बॉब बॅलर्ड यांनी बायका मेकअप करत रेंगाळतात अशा अर्थाचा शेरा मारला, तेव्हा युरोस्पोर्टनं त्यांना त्या स्पर्धेच्या समालोचनातून लगेच बाजूला केलं. एका वाक्यासाठी एका स्पर्धेतून बाजूला, हे प्रमाण मला मान्य आहे. त्याहून जास्त झालं असतं तर नसतं. तिसरं उदाहरण समालोचकांचं नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. जानेवारी २०१९ मध्ये टीव्हीवरच्या गप्पांत बायकांविषयी बोलल्यावरून हार्दिक पंड्या आणि आपला कर्नाटकचा के. एल. राहुल यांना निलंबित केलं. त्याच महिन्यात निलंबन उठलं, चौकशी चालू राहिली, आणि एप्रिलमध्ये क्रिकेट मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. तात्पुरतं बाजूला करणं आणि शेवटची शिक्षा, या दोन पायऱ्या तिथं वेगळ्या राहिल्या. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. चिडून रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्यापासून येऊ नको" लिहितात आणि चार महिन्यांनी कामगार खात्याची नोटीस आली की वकील शोधतात.

कायद्याची बाजू बघताना पहिली चूक होते ती कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या चॅनेलचा मसुदा उतरवून घेण्याची. तिकडचा दुकाने-आस्थापना कायदा वेगळा. इथं कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ लागतो. त्याच्या कलम ३९ प्रमाणे सलग सहा महिने नोकरी झालेल्या माणसाला वाजवी कारणाशिवाय काढता येत नाही, आणि कारण असलं तरी एक महिन्याची पूर्वसूचना किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. नोटिशीशिवाय काढायचं तर गैरवर्तनाचा आरोप हवा आणि चौकशीत नोंदवलेला पुरावा हवा. क्लिप गावभर फिरली म्हणजे चौकशी झाली असं होत नाही.

समालोचक 'पर मॅच'वाला असेल तर काढण्याचा प्रश्नच तांत्रिकदृष्ट्या येत नाही, पुढच्या सामन्याला बोलावलं नाही की झालं. पण जपून. दरमहा ठरावीक रक्कम, तुमच्याच वेळापत्रकावर हजेरी, दुसऱ्या चॅनेलला जायला मनाई, असं असेल तर कागदावर काहीही लिहा, तो नोकरच ठरण्याची शक्यता मोठी.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक शेऱ्याला थेट २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लावणं. "बाईमाणसाच्या हातात शिट्टी" हे वाक्य स्त्रीद्वेष्टं आहे, पण लैंगिक रोखाचं नाही, त्यामुळे ते सेवेतलं गैरवर्तन म्हणून हाताळणं सरळ पडतं. गुणलेखक मुलीच्या कपड्यांवर, अंगावर बोललं गेलं असेल, तर तो मात्र त्या कायद्याचा विषय झाला. त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा नाव घेऊन घातली आहे. तेव्हा "ते ऑफिसात नव्हतं, मैदानावर मांडवात होतं" हे म्हणणं टिकत नाही. तुमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं आहेत, म्हणून अंतर्गत समितीऐवजी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे दिली तरी त्यांनी ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार हवी, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. शिक्षा लेखी माफी, ताकीद, वेतनवाढ रोखणं यापासून नोकरीवरून काढण्यापर्यंत काहीही असू शकते. तक्रार करणारीचं नाव बाहेर फोडायला कलम १६ नं मनाई आहे, ती तुमच्या फेसबुक पानालाही लागू. आणि "त्यानं हात तर लावला नाही ना?" असं कुणी म्हणेल, त्याला १९९९ चा सर्वोच्च न्यायालयाचा ए. के. चोप्रा खटल्याचा निकाल दाखवा. उच्च न्यायालयानं परत घ्यायला सांगितलेल्या माणसाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, आणि प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे हा आग्रह चूक ठरवला.

चौकशी कशी चालवायची ते सांगतो. पहिल्याच दिवशी मूळ रेकॉर्डिंग बाजूला काढा. युट्युबवरचा भाग लगेच कापायची घाई असते, ते साहजिक आहे, पण कापण्याआधी पूर्ण व्हिडिओ उतरवून घ्या, संगणकावरची मूळ फाईल वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिचा हॅश (फाईल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा अक्षर-आकड्यांचा ठसा) काढून लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली क्लिप पुरावा म्हणून कच्ची. ती दाबलेली असते, मागचं-पुढचं कापलेलं असतं.

मग कारणे दाखवा नोटीस. तिच्यात नेमके शब्द जसेच्या तसे, सामना, तारीख, रेकॉर्डिंगमधली वेळ मिनिट-सेकंदासह. "महिलांविषयी आक्षेपार्ह वक्तव्य केले" असलं मोघम लिहिलंत तर त्याला उत्तर काय द्यायचं ते कळत नाही आणि पुढे नोटीसच पडते. उत्तराला सात दिवस द्या. नोटीस मराठीत द्या, कारण त्याला ती वाचता आली पाहिजे. कामगार खात्यासाठी कन्नड प्रत सोबत ठेवा आणि भाषांतरात शब्द मऊ करू नका. 'बाईमाणूस'चं कन्नडमध्ये नुसतं 'महिला' केलंत की शेऱ्यातला दंशच गेला. जुनी एखादी ताकीद विचारात घेणार असाल तर तीही याच नोटिशीत लिहा, मागून काढलेली चालत नाही.

चौकशी करणारा माणूस मालकाचा मेहुणा नको आणि त्या रात्री मिक्सरवर बसलेलाही नको. बाहेरचा एखादा निवृत्त क्रीडाशिक्षक आणि एक बाई, एवढं पुरेसं असतं. सगळ्या महिला कर्मचाऱ्यांशी एकेकटं बोला, मालक खोलीत नसताना. "काही त्रास आहे का?" असं विचारलंत तर "नाही" हेच उत्तर मिळेल. विचारा, "याच्याबरोबर ड्युटी लागली तर बदलून मागावीशी वाटते का? कधी मागितली?" जुनी ड्युटीपत्रकं बघा. एकाच माणसाबरोबरच्या ड्युट्या मुली वारंवार बदलून घेत असतील तर ते पत्रकच बोलतं. शेजारी हसलेल्यालाही नोटीस द्या, सौम्य का होईना. समालोचनाच्या पेटीत दोघं बसतात ते एकानं दुसऱ्याला आवरावं म्हणूनही. या काळात समालोचकाला माईकवरून बाजूला ठेवा, पण पगार चालू ठेवा, नाहीतर निकालाआधीच शिक्षा केली असं होतं.

आता यंत्राचं, कारण निम्मा दोष तिथं आहे. जाहिरातीखालून आवाज जातो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणानं. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये माईक मुख्य ऑडिओ सेटिंगमध्ये जोडलेला असतो. तिथं जोडलेला माईक प्रत्येक सीनमध्ये चालूच राहतो, मग पडद्यावर सामना असो की ज्वेलर्सची जाहिरात. तिथून तो काढा आणि फक्त समालोचनाच्या सीनमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' म्हणून घाला, म्हणजे सीन बदलला की आवाज आपोआप तुटतो. समालोचकाच्या हाताशी कफ स्विच द्या, दाबून धरला की आवाज बंद, आणि माईक चालू असताना पेटेल असा लाल दिवा टेबलावर लावा. मैदानाचा लाऊडस्पीकर बंद म्हणजे प्रक्षेपण बंद, हा समज फार पसरलेला आहे. दोन्ही तारा वेगळ्या असतात. ओबीएसमधला 'स्ट्रीम डिले', म्हणजे प्रक्षेपण काही सेकंद उशिरा सोडायची सोय, लावून सुटका होते असंही काहींना वाटतं. वीस सेकंदांचा डिले असला तरी नंतर माईक बंद करून आधी बोललेलं परत येत नाही, ते वीस सेकंदांनी जातंच. ते अडवायचं तर प्रक्षेपण थांबवून डिलेतला भाग टाकून द्यावा लागतो, आणि त्यासाठी हेडफोन घालून ऐकणारा माणूस लागतो. रेकॉर्डिंगमध्ये समालोचन, मैदानाचा आवाज आणि एकत्र मिश्रण असे तीन वेगळे ट्रॅक ठेवा, कोण काय बोललं यावर वाद उरत नाही.

पण लाल दिव्यानं फक्त आवाज बाहेर जाणं थांबतं. पेटीतली भाषा सुधारायची तर जे बिनदिक्कत प्रक्षेपित होतं त्याकडे बघावं लागेल. पुरुषांच्या सामन्यात "पाटील आला, पाटलानं दोघांना घेऊन मध्यरेषा गाठली", आणि महिलांच्या सामन्यात तीच चढाई "आपली पूजा", "पोरगी चपळ आहे", लग्न झालेली असेल तर "वहिनी". पुरुषांना आडनाव तर बायकांनाही आडनाव. पंचांना दोघांनाही "पंच". मैदानात दहा वर्षं मोठ्या बाईला "अक्का" म्हणणं आपल्या भागात आदराचं आहे, पण निर्णय देणाऱ्या पंचाला माईकवरून "अक्का" म्हटलं की तिचं पद गळून पडतं. प्रत्येक चढाईला "कित्तूरची राणी चन्नम्मा" नको, बेळवडी मल्लम्माही नको. त्यानं खेळाचं काहीच सांगितलं जात नाही. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात ५२ किलो गटात कांस्य जिंकलं. अशा खेळाडूविषयी बोलताना गट, पकड, डाव सांगा, कौतुक आपोआप होतं. महिलांच्या कबड्डीत मैदान १२ बाय ८ मीटर आणि डाव १५ मिनिटांचा, पुरुषांच्यात १३ बाय १० आणि २० मिनिटांचा. "पोरी दमतात म्हणून" ही पुरवणी जोडू नका, आकडे सांगा आणि पुढे चला.

कॅमेऱ्याचंही तेच. प्रेक्षकांतल्या मुलींवर झूम लावून ठेवायची खोड इतकी जुनी की २०१८ च्या विश्वचषकात फिफानं प्रक्षेपकांना ते कमी करायला सांगितलं होतं. तो शॉट कॅमेरामन देतो, पण पडद्यावर घेतो तो कॅमेरे बदलणाऱ्या स्विचरवर बसलेला. समालोचकाला नोटीस देताना त्या सामन्याचे पडद्यावर गेलेले शॉटही एकदा बघा, नाहीतर एकट्यालाच बळी दिल्यासारखं होईल.

सीमाभागातली खरी अडचण पुढे आहे. समालोचक मराठी, पंच कन्नड बोलणाऱ्या. दोन दिवसांत कुणीतरी "मराठी माणसाला काढलं" म्हणणार आणि दुसरीकडे कुणीतरी "कन्नड पंचाचा अपमान" म्हणणार, आणि मूळ गोष्ट दोन्हीकडून बाजूला पडणार. तुमच्या एकाही कागदात भाषेचा उल्लेख येऊ देऊ नका. तो भाषेवरूनही काही बोलला असेल तर ते स्वतंत्र कलम म्हणून लिहा, मिसळू नका. निवेदन मराठी आणि कन्नड दोन्हींत, एकाच वेळी, शब्दाला शब्द तेच. माफीत "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे वाक्य नको, त्यात चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते. एवढं पुरे: "कालच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर बोलताना त्या बाई आहेत म्हणून मी त्यांची चेष्टा केली. ते चूक होतं. मी पंचांची आणि खेळाडूंची माफी मागतो." पहिली शिट्टी होण्याआधी, त्यानं स्वतः, कॅमेऱ्याकडे बघून. नंतर लगेच सामना सुरू, त्यावर चर्चा नाही. त्या व्हिडिओखालचे अभिप्राय बंद ठेवा.

मंडळाला आणखी एक मोह होईल, त्या पंचांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्याचा. त्यांनी सत्कार मागितलेला नाही. उलट टोकाची चूकही होते: वाद नको म्हणून त्यांना पुढच्या सामन्यावर न लावणं. मॅसींच्या बाबतीत तेच झालं, लक्ष वेधलं जाऊ नये म्हणून क्रू विरुद्ध ब्रॅडफर्ड सामन्यातून त्यांचं नाव काढलं गेलं. बोलले दोन पुरुष आणि सामना गेला तिचा. नेमणूक पत्रकात उद्याच्या सामन्याला त्यांचं नाव असेल तर ते तसंच राहू द्या. त्यांना नको असेल तर त्या सांगतील.